विमलताईंचं गरम पाणी

गरम पाणी कसं तापवावं याबद्दल आमच्या दिग्रसच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, अधिकाराने बोलावं असं एकच माणूस आहे, आणि त्या माणसाने स्वतः अडतीस वर्षं गार पाण्याने अंघोळ केली. ते माणूस म्हणजे विमलताई. त्यांची आणि आमची भिंत एक आहे. त्यामुळे त्यांच्याकडे आज कशाची भाजी आहे, कोण खोकतंय आणि त्यांचे यजमान रामराव कितवी जांभई देतायत हे मला न विचारता कळतं. मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. तिथेही न विचारता पुष्कळ कळायचं.

गार पाण्याचं कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. विमलताई राळेगावकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या. सासूबाईंचा नियम असा, की सुनेने अंघोळ केल्याशिवाय विस्तवाला हात लावायचा नाही. चुलीलाही नाही आणि बंबालाही नाही. आता गरम पाणी हवं तर बंब पेटवायला हवा. बंब पेटवायचा तर विस्तवाला हात लागणार. आणि हात लावायचा तर आधी अंघोळ झालेली हवी. म्हणजे जिने साऱ्या घराचं पाणी तापवायचं, तिने स्वतः गारच घ्यायचं. इतका चोख नियम मी सरकारी खात्यातही पाहिला नाही, आणि मी तिथे भलभलते नियम टाइप केलेले आहेत.

पहिल्या पौषात नव्या नवरीने सासूबाईंना सांगितलं, की पाणी फार गार आहे, हाडात जाते. सासूबाई म्हणाल्या, "सवय होते." त्याही बिचाऱ्या गारच घेत आलेल्या. मग विमलताईंनी नवऱ्याला सांगितलं. रामराव तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि दोन गोधड्यांच्या खाली होते. ते तिथूनच म्हणाले, "सवय होते." हे मला विमलताईंनीच सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही, मला रामरावांच्या अंगावरची गोधडी ओढावीशी वाटली.

रोज साडेचारला उठायचं, गार पाणी अंगावर घ्यायचं, मग मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटवायचा. जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस निघून गेल्यावर शेतात उरतात ती झाडं. पऱ्हाटी पेटते भुर्रकन आणि विझतेही तशीच, त्यामुळे समोरून उठायची सोय नाही. बंबाचा हिशेब असा, की वरून एक गडवा, म्हणजे लोटाभर, गार ओता, तेव्हा तोटीतून एक गडवा गरम निघणार. पहिलं पाणी रामरावांचं, मग पोराचं, मग आलेल्या-गेलेल्याचं. विमलताई मध्ये धुरात बसून ओतत राहायच्या. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, पण नियम काही गेला नाही. मी एकदा विचारलं, की आता कोण पाहतंय? तर म्हणाल्या, "देवाले काय सांगू?" मी म्हटलं, सांगा शोभाताईने सांगितलं. त्यावर त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

तो खोकलाच शेवटी कामी आला. मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, धूर बंद करा. विमलताईंचा मुलगा नयन पुण्यात नोकरीला असतो. त्याने फोनवर ठणकावलं, की बंब भंगारात द्या. तेवढ्यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालली. गिझर नको, कारण रामरावांच्या माहितीतल्या एका गावात एक गिझर फुटला होता. गावाचं नाव मात्र दरवेळी निराळं असायचं. सोलर नको, कारण आमचं सोलर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वानरांची टोळी आली आणि दोन दिवसांत काचेच्या नळ्यांचा भुगा झाला. आमचे हे, म्हणजे श्रीकृष्णराव, काठी घेऊन गच्चीवर राखणीला बसले होते. वानर काठी घेऊन गेलं.

मग नयनने पुण्याहून हीट पंप पाठवला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून प्रेमसिंग नावाचा मेकॅनिक तो बसवायला आला. मूळचा दिग्रसजवळच्याच तांड्यावरचा, हाताचा सफाईदार, आणि बोलताना पकड दातात धरणारा. रामरावांनी त्याला पहिला प्रश्न केला, "किती हॉर्सपावरचा आहे?"

"काकाजी, हा विहिरीचा पंप नाही. हा हवेतली गरमी ओढते अन् पाण्यात टाकते. दोनशे लिटरची टाकी आहे."

"अन् हवेचं काय होते मंग?"

"हवा थंडी होऊन बाहेर निघते. म्हणून तर म्हणतो, मशीन मागच्या अंगणात लावू, बंबाच्या जागेवर."

रामरावांचे डोळे चमकले ते मी मधल्या बुटक्या भिंतीवरून पाहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. होळी झाली की माणसं देवापेक्षा जास्त मनोभावे कूलर धुतात. अशा गावात तुम्ही एखाद्याला सांगितलंत, की हे यंत्र फुकटात थंड हवा सोडतं, तर तो पुढचं काही ऐकणार नाही. तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि पहाटे कुडकुडायला सुरुवात झाली होती. पण वऱ्हाडातला माणूस बारा महिने उन्हाळ्याच्याच तयारीत असतो.

"थंडी हवा?" रामराव म्हणाले. "मंग ओसरीतच लाव. माह्या खाटेच्या समोर."

"काकाजी, पस्तावसान."

"तू लाव. कूलरचा खर्च वाचला. अन् रस्त्यावरून दिसलंही पाह्यजे ना बापा, काही घेतलं आपण म्हणून."

प्रेमसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. टाकी न्हाणीघरात गेली, तांब्याच्या नळ्या भिंतीतून आल्या, आणि जाळीच्या ओसरीत, रामरावांच्या खाटेकडे तोंड करून, मशीन भिंतीवर बसलं. ती भिंत नेमकी माझ्या झोपायच्या खोलीची.

एवढा वेळ विमलताई दारात उभ्या होत्या. प्रेमसिंग हत्यारं आवरायला लागला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, याच्यात विस्तव आहे का?"

"नाही काकू. विस्तव नाही, जाळ नाही, धूर नाही. फक्त लाइटवर चालते."

"मंग अंघोळीच्या आधी हात लावला तर?"

"लावा ना. पण हात लावाचं कामच नाही. बटन चालूच राहू द्या, रात्रभर. रात्री कधीच बंद करू नका. दोनशे लिटर तापाले थंडीत पाच-सहा तास लागतात. सकाळी तुमी नुसता नळ सोडा."

विमलताईंनी मान डोलावली. अडतीस वर्षांत सासूबाईंच्या नियमाला एकच फट सापडली होती, आणि ती त्यांना इतरांच्या आधी दिसली. उद्या पहाटे पहिली अंघोळ त्यांची, आणि गरम. देवालाही काही सांगायची गरज नव्हती. बाकी सगळं घर मशीनकडे बघत होतं आणि त्या नळाकडे बघत होत्या. तो चेहरा मी विसरलेली नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते.

मशीनला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, झेंडूचा हार चढला. तो पंख्यात जाऊ नये म्हणून प्रेमसिंगने काढला आणि प्रेमसिंग गेल्यावर रामरावांनी पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर आला तर लोक त्यावर बसून पाहतात, मग नवीन पाण्याचं काय करणार? रामराव संध्याकाळी येईल त्याला आग्रहाने अंघोळ घालायला लागले. जिनिंगमधला मुनीम न्हाऊन गेला. व्याही न्हाऊन गेले. ज्या गृहस्थांच्या अंघोळीबद्दल एरवी लेआउटमध्ये शंका होती, तेही न्हाऊन गेले. "हवेतली गरमी आहे ही," रामराव प्रत्येकाला सांगायचे. कोणी विचारलं, की एवढ्या थंडीत हवेत गरमी कुठून येते, तर म्हणायचे, "असते. तुले दिसत नाही."

रात्रीपर्यंत टाकी रिकामी व्हायची आणि मशीन बिचारं नव्याने पाणी तापवायला घ्यायचं. आणि तापवताना आपल्या धर्माप्रमाणे थंड हवा सोडायचं, थेट रामरावांच्या अंगावर.

तुम्ही म्हणाल, आत जाऊन झोपायचं. आत कुठे? आतल्या खोलीत कापूस होता. भाव चढेल म्हणून आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, आणि त्यांच्या घरी तो खिडकीच्या वर पोचला होता. कापसाजवळ झोपलं की अंगाला खाज सुटते, सगळ्यांनाच सुटते. विमलताई स्वयंपाकघरात निजायच्या, तिथे एका माणसापुरतीच जागा. म्हणून हिवाळाभर रामरावांची खाट ओसरीत. कानटोपी, मफलर, दोन गोधड्या आणि समोरून पंखा.

आता माझ्या खोलीतून काय ऐकू यायचं ते सांगते. संध्याकाळपासून भिंतीत घुंऽऽ असा आवाज चालू असायचा. आणि रोज साडेनऊला तो खटकन थांबायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, झालं असेल गरम. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले, तर ओसरीत गोधडीतून एक हात बाहेर आला, भिंतीवरचं बटन खाली केलं आणि परत गोधडीत गेला. सकाळी पाचला तोच हात बाहेर यायचा आणि बटन वर व्हायचं. तोवर विमलताईंची साडेचारची अंघोळ उरकलेली असायची, गार पाण्याने. आठ-नऊ वाजेपर्यंत पाणी पुन्हा कडक, आणि रामराव न्हाणीघरात गाणं म्हणत.

मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, आणि मी चाळीस दिवस गप्प बसले. का, तर साडेनऊला आवाज थांबला की मला झोप छान लागायची. दुसरं काही कारण नाही. कचेरीत मी लोकांना तोंडावर बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध होते, आणि इथे एका झोपेसाठी मी तोंड शिवून घेतलं.

पहाटे पाणी गार का येतं, हे विमलताईंनी रामरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मशीन नवीन आहे, तिले वेळ लागते." त्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "आता आयुष्यभर थंड्यानं घेतलं, चार दिवसानं काय फरक पडते? सवय आहे ना तुले?" नयनने पुण्याहून फोन करून प्रेमसिंगला पुन्हा बोलावलं. तो भर दुपारी आला. नळ सोडला तर हात भाजला.

"काकाजी, रात्री बंद तर नाही करत?"

"छट्. मी कायले बंद करू?"

"काकू, तुमी किती वाजता घेता अंघोळ?"

"साडेचारले."

"मंग तर गरमच पाह्यजे," प्रेमसिंग म्हणाला. त्याने सगळे नट तपासले, झेंडूचा वाळलेला हार काढून फेकला आणि डोकं खाजवत गेला.

त्या संध्याकाळी विमलताई माझ्याकडे तीळ निवडायला आल्या. संक्रांत चार दिवसांवर आली होती. सुपातले खडे बाजूला करता करता त्या सहज बोलल्या, "मशीनलेही समजते शोभाताई, कोण मालक आहे अन् कोण नाही ते. माह्या हातालेच गरम पाणी नाही. जाऊ द्या."

तक्रार नव्हती ती. पाऊस झाला किंवा नाही झाला, तसं सांगत होत्या. एका बाईने यंत्राच्या साक्षीने स्वतःचं नशीब ठरवून टाकलं होतं, आणि खरा साक्षीदार त्यांच्यासमोर तीळ निवडत बसला होता. मी सांगून टाकलं. हात, बटन, साडेनऊ, पाच, सगळं.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "रोज?" एवढंच विचारलं.

"रोज."

"अन् तुमाले माहीत होतं?"

"हो."

त्यांनी आणखी चार खडे काढले. मग म्हणाल्या, "तुमची झोप होत असन मंग."

तीळ निवडून झाले, डबा भरला आणि त्या गेल्या. मला वाटलं, आता भांडण होईल, मी कान भिंतीला लावून बसले. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला आणि रामरावांची ढेकर ऐकू आली. साडेनऊला आवाज थांबला. त्या रात्री मला झोप लागली नाही, ते मी न्यायच समजते.

भोगीच्या आदल्या दिवशी रामराव बाजार समितीत कापसाचा भाव विचारायला गेले. भाव ते रोजच विचारायचे, विकायचे नाहीत. उन्हं उतरायच्या सुमाराला कापूस वेचून परतलेल्या दोन बाया आणि मध्ये विमलताई, अशा तिघींनी ओसरीतली खाट उचलली. आतल्या खोलीत कापूस थोडा बाजूला सारून खाटेपुरती जागा केली, गादी झटकून घातली, वर दोन्ही गोधड्यांची घडी ठेवली. उशीसुद्धा नीट लावली. मग ओसरी झाडून घेतली. मी भिंतीवरून सगळं पाहत होते. विमलताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झाडू आपटून धूळ काढली.

दिवेलागणीला रामराव आले.

"अवं, खाट कुठं गेली?"

"आत."

"आत कापूस हाय."

"हो ना. गरम राह्यते. तुमाले थंडी वाजते ना इथं, मशीनच्या हवेनं."

रामराव जागच्या जागी उभे राहिले. हवेचं हिला कसं कळलं, बटनाचं कळलं का, आणि आपण छट् म्हणालो होतो ते कुणापुढे, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. विमलताईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. "हात धुवा, जेवाले वाढते," म्हणाल्या.

त्या रात्री आवाज थांबला नाही. घुंऽऽ चालूच राहिलं. मी डोक्यावर उशी घेतली, पण कुरकुर केली नाही.

भोगीला डोक्यावरून न्हायचं, तीळ लावून. पहाटे साडेचारला न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला. मग आवाज बंद झाला. बराच वेळ काहीच नाही. मी उठून बसले, मला काळजी वाटली. मग पहिला गडवा पडला. थोड्या वेळाने दुसरा. त्यांच्या अंघोळीचा आवाज मला वर्षानुवर्षं पाठ आहे, धडधड पाच गडवे आणि एक शिवशिव, दोन मिनिटांत अंघोळ संपायची. त्या दिवशी त्या अर्धा तास न्हात होत्या. मध्ये एकदा पाणी बंद झालं आणि मला त्यांच्या रडण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं. ऐकण्यात माझी चूक असेल, पण मी मात्र रडले.

साडेपाचला भिंतीवरून हाक आली. "शोभाताई, टॉवेल घेऊन या."

माझ्या घरी गॅसचा गिझर आहे. मी निमूट टॉवेल घेऊन गेले. विमलताईंचे केस मोकळे होते, अंगातून वाफ निघत होती, आणि तिळाचा वास साऱ्या घरात. त्यांनी माझ्या तळहातावर वाटलेले तीळ ठेवले आणि न्हाणीघराकडे बोट केलं. म्हणाल्या, "भरपूर घ्या. कमी नका घेऊ." मी भरपूर घेतलं. बाहेर आले तर कालच्या दोघी बायाही आल्या होत्या, लुगड्याच्या घड्या घेऊन. त्याही न्हाल्या. मग विमलताईंनी कपाटातून जास्तीच्या चार गोधड्या काढल्या आणि उरलेल्या कढत पाण्यात भिजवल्या.

सातला आतल्या खोलीचं दार उघडलं. रामराव खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले. केसात कापूस, मानेवर लाल चट्टे, दोन्ही हात अंग खाजवण्यात गुंतलेले.

"रातभर डोळ्याले डोळा नाही," ते म्हणाले. "सारं अंग खाजून राह्यलं. गरम पाणी काढ बरं लवकर."

"नळ आहे ना. सोडा."

ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि मग जो शब्द आला तो भोगीच्या दिवशी बोलू नये.

"थंडं येऊन राह्यलं! मशीन बिघडली काय?"

"नाही बिघडली. पाणी सरलं."

"सरलं? मंग मी कायनं न्हाऊ?"

आम्ही दोघी अंगणात गोधडी पिळत होतो, एक टोक माझ्या हातात, एक विमलताईंच्या. त्यांनी पीळ सोडला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

"थंड्यानं घ्या," त्या म्हणाल्या. "सवय होते."